तंबाखूची कातरणी आणि सिगारेटची प्रत

तंबाखूचे पान शेतकऱ्याच्या हातून निघाल्यावर त्याचे पुढे काय होते, याची पुरेशी माहिती बहुतेक उत्पादकांना नसते. पान वाळले, प्रतवारी झाली, गाठी बांधल्या आणि माल विकला, म्हणजे काम संपले असे मानण्याची रीत आहे. परंतु खरेदीदार ज्या कसोटीवर पानाचा भाव ठरवितो, ती कसोटी शेतात किंवा बाजारात लागत नाही. ती कारखान्यात, कातरयंत्राच्या सुऱ्याखाली लागते. सुऱ्याखाली जे पान लांब, लवचिक व एकसारखे तंतू देते ते उत्तम, आणि ज्याचा भुगा होतो ते हलके, असा या धंद्याचा साधा हिशेब आहे. हा हिशेब उत्पादकास कळला, तर प्रतवारीच्या वेळी आपल्या मालास कमी भाव का मिळाला, हेही त्यास कळेल व पुढील हंगामात कोणती चूक टाळावी, याचाही उलगडा होईल.

मुंबईच्या उपनगरांत या धंद्याची जुनी केंद्रे होती. चेंबूरच्या वायव्येस असलेल्या विलेपार्ले येथे गोल्डन टोबॅको कंपनीचा कारखाना होता. ही कंपनी 1930 साली स्थापन झाली. ‘पनामा’ ही एके काळी घरोघर माहीत असलेली सिगारेट तिचीच होय. त्याच्या उत्तरेस अंधेरीच्या चकाला भागात गॉडफ्रे फिलिप्स कंपनीचा कारखाना होता. या कारखान्यांस लागणारा व्हर्जिनिया जातीचा तंबाखू महाराष्ट्रात फारसा पिकत नसे. तो मुख्यत्वेकरून आंध्र प्रदेश व कर्नाटक येथून येई. उपनगरांचे रूप आता बदलले असून, जुन्या कारखान्यांच्या परिसरात वस्ती व कचेऱ्या वाढल्या आहेत. तथापि पान कातरण्याचे शास्त्र बदललेले नाही. यंत्रांचा वेग वाढला, परंतु चांगल्या पानाच्या ठायी जे गुण तेव्हा पाहिले जात, तेच आजही पाहिले जातात.

कापणी आणि कातरणी

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्यावा. कापणी शेतात होते आणि कातरणी कारखान्यात होते. दोहोंचा संबंध मात्र निकटचा आहे.

तंबाखूची कापणी दोन रीतींनी करतात. पहिल्या रीतीत पाने जसजशी पिकतील तसतशी खुडून घेतात. तंबाखूच्या झाडाची पाने खालून वर क्रमाक्रमाने पिकत जातात. म्हणून प्रत्येक वेळी बुडाची दोन-तीन पिकलेली पानेच खुडावयाची व सुमारे आठवड्याच्या अंतराने पुढची खुडणी करावयाची, असे साधारणतः पाच-सहा वेळा करावे लागते. सिगारेटचा व्हर्जिनिया तंबाखू याच रीतीने काढतात व भट्टीत उष्ण हवेने सुकवितात. दुसऱ्या रीतीत सबंध झाड बुंध्याशी विळ्याने कापतात व उन्हात वाळवितात. विडीचा तंबाखू या रीतीने काढला जातो.

खुडणीच्या रीतीस मजुरी अधिक लागते, परंतु प्रत्येक पान त्याच्या पक्वतेच्या नेमक्या वेळी हाती येते. झाड एकदम कापले असता बुडाची पाने कदाचित अतिपक्व, मधली योग्य व शेंड्याची कोवळी अशी सरमिसळ होते. विडीसाठी पान शेवटी चुरून वापरावयाचे असल्याने ही सरमिसळ काही प्रमाणात चालते. सिगारेटीसाठी ती चालत नाही. कारण एकाच सुऱ्याखाली तीन प्रकारची पाने गेली, तर तीन प्रकारचे तंतू बाहेर पडतात.

कारखान्यातील क्रम

कारखान्यात आलेले पान लगेच कातरले जात नाही. त्यास पुढील पायऱ्यांतून जावे लागते.

पहिली पायरी पुन्हा सुकविण्याची. निरनिराळ्या शेतांतून आलेल्या मालात ओलावा कमीअधिक असतो. तो एकसारखा करून सुमारे 12 टक्क्यांवर आणतात. याहून अधिक ओलाव्यात माल साठविला, तर त्यास बुरशी लागते.

दुसरी पायरी मधली शीर वेगळी करण्याची. पानाच्या मधोमध जाणारी जाड शीर पानाच्या एकूण वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी भरते. म्हणजे 100 किलो पानातून सुमारे 75 किलो पातळ भाग व 25 किलो शिरा मिळतात. पूर्वी हे काम हातांनी होत असे. आता झोडणीयंत्रात पान फाडून, हवेच्या झोताने जड शिरा खाली व हलका भाग वर असे निवडून ते केले जाते. धान्य उफणताना वाऱ्याने भूस व दाणा वेगळे होतात, तेच तत्त्व येथे आहे.

तिसरी पायरी मुरविण्याची. माल गाठींत किंवा पेट्यांत घालून वर्ष-दीड वर्ष अथवा अधिक काळ ठेवतात. या अवधीत पानाचा उग्रपणा कमी होतो व वास सुधारतो.

चौथी पायरी मऊ करण्याची. कोरडे पान सुऱ्याखाली घातले, तर त्याचा पापडासारखा चुरा होईल. म्हणून वाफ व पाणी देऊन त्याचा ओलावा 18 ते 22 टक्क्यांपर्यंत वाढवितात. त्यानंतर निरनिराळ्या जाती व प्रती यांचे ठरलेले मिश्रण केले जाते आणि मगच माल कातरयंत्राकडे जातो.

कातरल्यावर तंतू पुन्हा उष्ण हवेने सुकवून 13 टक्क्यांच्या आसपास आणतात व सिगारेट वळणाऱ्या यंत्रास पुरवितात. अमेरिकेतील जेम्स बॉन्सॅक याने अशा यंत्राचे एकस्व 1881 साली मिळविले. त्याआधी सिगारेटी हाताने वळीत. हाताने वळणारा कामगार तंतूंतील उणीव बोटांनी सांभाळून घेई. यंत्र तसे करू शकत नाही. यंत्राच्या आगमनामुळेच एकसारख्या कातरणीस आजचे महत्त्व आले आहे.

सुऱ्याखाली काय घडते

कातरयंत्रात मऊ झालेले पान दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबले जाते. त्याची घट्ट वडी बनते व ती पुढे सरकत सुऱ्यासमोर येते. जुन्या यंत्रांत सुरा वर-खाली होई. नव्या यंत्रांत फिरत्या ढोलावर अनेक सुऱ्या बसविलेल्या असतात व त्यांना यंत्र चालू असतानाच धार लावली जाते. प्रत्येक फटक्यास वडीचा एक पातळ काप निघतो आणि तो मोकळा झाला की त्याचे तंतू होतात. येथे चार गोष्टी सिगारेटची प्रत ठरवितात : कापाची रुंदी, ओलावा, वडीवरील दाब आणि सुऱ्याची धार.

कापाची रुंदी : सिगारेटच्या तंतूंची रुंदी सामान्यतः 0.6 ते 0.9 मिलिमीटर ठेवतात. जुन्या मापात एका इंचात 30 काप म्हणजे 0.85 मिलिमीटर, तर 40 काप म्हणजे सुमारे 0.64 मिलिमीटर रुंदी होय. बारीक काप घेतला की तितक्याच वजनात तंतूंची संख्या वाढते, ते नळीत एकसारखे पसरतात व सिगारेट सर्वत्र सारखी भरली जाते. परंतु बारीक तंतू नाजूक असतो. पुढील प्रत्येक यंत्रात तो तुटतो व भुगा वाढतो. जाड काप घेतला, तर तंतू बळकट राहतो, पण नळीत तो खडबडीत बसतो. कोठे पोकळी राहते, कोठे गाठ होते. म्हणून अतिबारीक व अतिजाड या दोहोंच्या मध्ये, पानाच्या जातीप्रमाणे, योग्य रुंदी निवडावी लागते. पातळ व नाजूक पानास किंचित रुंद काप मानवतो.

ओलावा : पान फार कोरडे असेल, तर सुरा त्यास कापण्याऐवजी फोडतो. फार ओले असेल, तर काप एकमेकांस चिकटतात, वडी मोकळी होत नाही व तंतूंचे गोळे बनतात. भाकरीच्या पिठात पाणी कमी पडले तर ती चिरते व अधिक झाले तर परातीस चिकटते, तसाच हा प्रकार आहे.

दाब : वडी सैल राहिली, तर सुरा पान कापण्याऐवजी ओढून बाहेर काढतो आणि तंतूंत न कापलेले रुंद तुकडे येतात. दाब अधिक झाला, तर पानातील चिकट रस बाहेर येतो, तंतू काळपट पडतात व त्यांचा फुलार जातो.

धार : बोथट सुऱ्याने कडा फाटतात आणि फाटलेल्या कडांतून भुगा झडतो. गवत कापणारा प्रत्येक शेतकरी हे विळ्यावरून जाणतो. मालात खडा किंवा तारेचा तुकडा आला, तर धार तत्काळ बिघडते व ती पुन्हा लावली जाईपर्यंत निघणारा सर्व तंतू हलक्या प्रतीचा होतो.

मधल्या शिरा फेकून दिल्या जात नाहीत. त्यांस अधिक ओलावा देऊन, लाटण्याखाली चपट्या करून, पानाच्या तंतूपेक्षा पुष्कळच बारीक कातरतात व वाफेने फुलवून मिश्रणात घालतात. या शिरा जाड राहिल्या, तर काडीप्रमाणे सिगारेटचा कागद भोसकतात. भोक पडलेली सिगारेट ओढली जात नाही व ती बाद होते.

प्रत कशी पारखतात

कातरलेल्या तंबाखूची पहिली कसोटी म्हणजे त्याची भरणशक्ती. एक किलो तांदळाने लहानसे भांडे भरते, पण एक किलो चुरमुऱ्यांनी मोठी टोपली भरते. तंबाखूचेही तसेच आहे. ज्याचा तंतू फुलारलेला व लवचिक असतो, तो थोड्या वजनात सिगारेट घट्ट भरतो. असा माल कारखानदारास परवडतो व त्याला तो अधिक भाव देतो.

दुसरी कसोटी घट्टपणा. बोटांत दाबली असता सिगारेट फार मऊ लागू नये व फार टणकही लागू नये. तिसरी कसोटी टोकांची. तंतू आखूड व कोरडे असले, तर पाकिटात टोकांतून तंबाखू झडतो. चौथी कसोटी ओढीची. नळीत भुगा साचला असता हवा सहज जात नाही. पाचवी कसोटी जळण्याची. भरण विषम असेल, तर एक बाजू आधी जळते व निखारा गळून पडतो.

भुग्यामुळे होणारी हानी हिशेबाने पाहावी. एका सिगारेटीत सुमारे पाऊण ग्रॅम तंबाखू धरला आणि 1000 किलो मालात अवघा 2 टक्के भुगा अधिक झाला, तर 20 किलो माल वाया जातो. एवढ्या मालात 26,000 हून अधिक सिगारेटी भरल्या असत्या. यावरून ठिसूळ पानाच्या गाठीकडे खरेदीदार का पाठ फिरवितो, हे समजून येते.

दोषाचा उगम शेतात

कातरयंत्र चांगल्या पानाची नासाडी करू शकते, परंतु वाईट पान चांगले करू शकत नाही. सुऱ्याखाली दिसणारे बहुतेक दोष शेतात किंवा भट्टीत निर्माण झालेले असतात.

कोवळे पान खुडले, तर ते वाळल्यावर हिरवट, कागदासारखे व निर्जीव राहते. त्याच्या तंतूस फुलार येत नाही. अतिपक्व पान ठिसूळ होते व झोडणीयंत्रातच त्याचे तुकडे पडतात. तुकडा लहान असला की त्यापासून निघणारा तंतूही आखूड असतो. आखूड तंतू म्हणजे झडणारी टोके. अशा रीतीने खुडणीतील चार-सहा दिवसांची चूक सिगारेटच्या टोकाशी जाऊन प्रकट होते. पानाचा गडद हिरवा रंग जाऊन त्यावर पिवळसर छटा आली म्हणजे ते खुडण्यास योग्य झाले असे समजावे.

नत्रखत प्रमाणाबाहेर दिले, तर पान जाड, गडद व उशिरा पिकणारे होते आणि त्यातील निकोटिनही वाढते. पाण्यात किंवा खतात क्लोराइड अधिक असले, तर पान हवेतील ओलावा ओढून घेते, सदैव सर्द राहते व नीट जळत नाही. याच कारणास्तव तंबाखूस म्युरिएट ऑफ पोटॅश देऊ नये. पालाश द्यावयाचे ते सल्फेटच्या रूपात द्यावे. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास ते तपासून घ्यावे.

भट्टीत प्रथम सुमारे 32 ते 35 अंश सेल्सिअस उष्णता व भरपूर दमटपणा ठेवून पान पिवळे होऊ देतात. नंतर उष्णता क्रमाने वाढवीत रंग पक्का करतात, पान वाळवितात आणि शेवटी सुमारे 70 अंशांवर शीर वाळवितात. या सर्वांस पाच-सहा दिवस लागतात. इंधन वाचविण्यासाठी शीर अर्धवट ओली ठेवली, तर गाठीत ती कुजते व भोवतालच्या पानास डाग पाडते.

ओल्या मालाविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. 100 किलो पानात 12 टक्के ओलावा असेल, तर त्यात 88 किलो कोरडा माल असतो. तेच पान 20 टक्के ओलाव्यावर आणले, तर वजन 110 किलो भरते. हे दहा किलो पाणी विकून लाभ झाला, असे काहींस वाटते. परंतु खरेदीदार हाताने चाचपून ओलावा ओळखतो व दहा किलोंचा लाभ भावातून काढून घेतो. शिवाय माल उशिरा उचलला गेला व गाठीत बुरशी धरली, तर सर्वच गाठ नाकारली जाते.

शेवटचा दोष परक्या वस्तूंचा. गाठीत राहिलेली सुतळी, गोणपाटाचे धागे, पिसे, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा ही पानात असताना वेचून काढता येतात. सुऱ्याखालून गेल्यावर त्यांचेही पानासारखेच तंतू होतात आणि मग ते निवडून काढणे दुरापास्त होते. सुतळीच्या एका तुकड्याने कित्येक सिगारेटी बिघडतात. गाठ बांधण्यापूर्वी एक वेळ माल झटकून पाहण्यास खर्च काहीच नाही.

विडीच्या तंबाखूची रीत

महाराष्ट्रातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आणि शेजारच्या निपाणी परिसरात जो तंबाखू परंपरेने पिकतो, तो मुख्यत्वे विडीचा आहे. निपाणी 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होती. आता ती कर्नाटकात आहे, परंतु तेथील शेती व बोली यांचे नाते कोल्हापूरशी आजही टिकून आहे.

विडीचा तंबाखू कातरीत नाहीत. पानावर तांबूस ठिपके दिसू लागले म्हणजे झाड कापतात, उन्हात वाळवितात आणि दवाने पान किंचित मऊ झाल्यावर ते हाताळतात. नंतर वखारीत पान कुटून व चाळून त्याचा जाडसर चुरा करतात. काडी व धूळ वेगळी काढतात. विडी तेंदूच्या पानात हाताने वळली जाते, तिची नळी यंत्राने भरावयाची नसते. म्हणून येथे लांब तंतूऐवजी एकसारखा दाणा हवा असतो. चाळणीवर राहिलेला मोठा तुकडा, योग्य दाणा व तळाची धूळ यांचे प्रमाण हीच विडी तंबाखूची कातरणी होय. पान फार कोरडे असताना कुटले, तर धूळ वाढते. सर्द असताना कुटले, तर दाणा पडत नाही. तत्त्व एकच, हत्यार निराळे. या धुळीत दिवसभर काम करणाऱ्या वखारीतील स्त्रियांच्या नाकातोंडात ती जाते, याचाही विचार व्हावयास हवा. नाकातोंडावर फडके बांधणे व वखारीत वारा खेळता ठेवणे ही किमान काळजी होय.

प्रत व भाव ठरविण्याची कसोटी उत्पादकास ठाऊक नसली, म्हणजे त्याची कशी कोंडी होते, हे निपाणीने पाहिले आहे. 1981 साली तेथील तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी मोठे आंदोलन केले. महामार्गावर ठाण मांडून शेतकरी बसले. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. भावाचा प्रश्न केवळ ज्ञानाने सुटत नाही, त्यास संघटनाही लागते. परंतु आपला माल कशाने उतरतो व कशाने चढतो, हे जाणणारा शेतकरी वजनकाट्यापाशी सहज फसत नाही.

व्हर्जिनिया तंबाखू लावावा काय, असा प्रश्न काही शेतकरी विचारतात. या पिकासाठी 1975 च्या तंबाखू मंडळ कायद्याप्रमाणे उत्पादकास नोंदणी करावी लागते. या कायद्यान्वये 1976 साली स्थापन झालेल्या मंडळाचे मुख्य कार्यालय गुंटूर येथे आहे. भट्टी बांधण्याचा व इंधनाचा खर्च, ठराविक भूमी व हवामान यांची गरज आणि लिलावाची सोय या सर्वांचा विचार न करता केवळ ऐकीव भावावर या पिकाच्या मागे लागू नये.

गावात करून दाखविण्याजोगे प्रात्यक्षिक

ग्रामसेवकांनी पुढील प्रात्यक्षिक शेतकऱ्यांसमोर करावे. त्यास यंत्राची गरज नाही. एका लहान ताजव्याने, धारदार सुरीने, बोथट सुरीने व दोन चाळण्यांनी काम भागते.

1. एकाच प्रतीच्या वाळलेल्या पानांचे तीन सारखे वाटे वजन करून घ्यावेत. पहिला वाटा उन्हात कडक वाळवावा, दुसरा ओलसर फडक्यात काही वेळ गुंडाळून मऊ करावा व तिसऱ्यावर पाणी शिंपडून तो पुरता ओला करावा.

2. प्रत्येक वाट्यातील पानांची मधली शीर काढावी, पाने एकावर एक ठेवून घट्ट वळकटी करावी व फळीवर धारदार सुरीने शक्य तितके बारीक काप घ्यावेत.

3. काप हाताने मोकळे करून सावलीत सारखे वाळू द्यावेत व मग चाळावेत. वर राहिलेले लांब तंतू व खाली पडलेला भुगा वेगवेगळा तोलावा व आकडे फळ्यावर लिहावेत. कोरड्या वाट्यात भुगा व ओल्या वाट्यात चिकटलेले गोळे अधिक, हे सर्वांस डोळ्यांनी दिसेल.

4. मऊ केलेल्या आणखी एका वाट्यावर हीच कृती बोथट सुरीने करून फरक पाहावा.

5. शेवटी एक वाटा कोवळ्या पानांचा व एक योग्य पक्व पानांचा घेऊन कातरावा. तंतू मुठीत दाबून सोडावा. पक्व पानाचा तंतू पुन्हा फुलतो, कोवळ्याचा दबून राहतो. हीच भरणशक्ती होय.

प्रात्यक्षिकानंतर सर्वांनी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. लहान मुलांस व गर्भवती स्त्रियांस या कामी घेऊ नये.

आरोग्य आणि पर्यायी पिके

कातरणी कितीही उत्तम असो, तिने सिगारेट निर्दोष होत नाही, ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बारीक काप, फुलारलेला तंतू व घट्ट नळी हे मालाचे गुण आहेत. ओढणाऱ्याच्या आरोग्याचे नव्हेत. सिगारेट व विडी या दोहोंपासून कर्करोग, हृदयविकार व फुप्फुसाचे रोग होतात, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. 2003 साली भारतात तंबाखू पदार्थांच्या जाहिरातींवर व सार्वजनिक जागी धूम्रपानावर निर्बंध घालणारा कायदा झाला तो याच कारणास्तव.

पीक काढणाऱ्यासही धोका असतो. दवाने किंवा पावसाने भिजलेल्या हिरव्या पानांतील निकोटिन त्वचेतून अंगात शिरते व मळमळ, ओकारी, चक्कर, डोकेदुखी असा त्रास होतो. खुडणी करणाऱ्यांनी दव ओसरल्यावरच शेतात जावे, पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालावेत, भिजलेले कपडे त्वरित बदलावेत आणि काम झाल्यावर हातपाय धुवावेत. त्रास अधिक झाल्यास दवाखान्यात जाऊन तंबाखूच्या शेतात काम केल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

तंबाखूचे पीक सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाने 2015-16 पासून पीक विविधीकरणाचा कार्यक्रम तंबाखू पिकविणाऱ्या राज्यांत सुरू केला व त्यात महाराष्ट्राचाही समावेश करण्यात आला. या कामी चेंबूरच्या शेजारची एक संस्था शेतकऱ्यांस विशेष उपयोगी पडली आहे. चेंबूरच्या पलीकडे, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गाच्या साहाय्याने भुईमुगाचे सुधारित वाण तयार झाले. त्यांपैकी टीजी-1 हा वाण 1973 साली ‘विक्रम’ या नावाने प्रसृत झाला आणि टीएजी-24 हा वाण 1991 साली आला. टीएजी-24 ठेंगणा, लवकर तयार होणारा व उन्हाळी हंगामास मानवणारा असल्याने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या तो परिचयाचा आहे. ज्या मुंबईच्या उपनगरांत एके काळी सिगारेटचा तंतू कातरला जाई, त्याच उपनगरांतून तंबाखूच्या जागी लावण्याजोगे बियाणेही गावोगाव पोहोचले आहे. पर्यायी पीक निवडताना मात्र जमीन, पाण्याची उपलब्धता व जवळची बाजारपेठ यांचा विचार करून, प्रथम थोड्या क्षेत्रावर अनुभव घ्यावा व मग विस्तार करावा.

सारांश

तंबाखूची प्रत सुऱ्याखाली दिसते, पण ती शेतात घडते. योग्य पक्वतेस खुडणी, बेताचे नत्र, क्लोराइडरहित खत, शिरेपर्यंत पुरी वाळवण, 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा आणि स्वच्छ गाठ, एवढ्या गोष्टी सांभाळल्या तर कातरणीत भुगा कमी होतो व उत्पादकास भाव मागण्यास आधार मिळतो. जे हे पीक घेतात, त्यांनी ते जाणतेपणाने व स्वतःच्या अंगास जपून घ्यावे. जे सोडू इच्छितात, त्यांस ग्रामसेवकांनी पर्यायी पिकांची माहिती, बियाणे व बाजाराचा पत्ता ही तिन्ही एकदमच द्यावीत; केवळ उपदेशाने कोणाचेही शेत बदलत नाही.